विश्लेषण : जुन्या स्पोर्ट्स कारला नवी चाकं... ‘बसली’ म्हणजे ‘जमली’ का?

पावसाळी शनिवारी घोटीहून बारीमार्गे शेंडीकडे येणाऱ्या गाड्यांच्या रांगेत एखादी वीस वर्षांची फियाट पॅलिओ १.६ किंवा स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस दिसली, की गाडीवेड्यांची नजर वळतेच. इंजिन ठणठणीत, रंग ताजा आणि चाकं मात्र मूळ चाकांपेक्षा एक-दोन इंच मोठी, नवी कोरी. शहरात ती शोभतात. भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालणारा मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर हा रस्ता सुरू झाला, पावसाने भरलेला पहिला खड्डा आला, की दुकानदाराच्या ‘बसतंय की साहेब’ या वाक्याची किंमत कळते.

या गाड्यांचंच का?

महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाला परवडतील अशा वेगवान गाड्या मुळात थोड्या. २००१ मध्ये आलेली पॅलिओ मुंबईत कुर्ल्याला बनायची, जाहिरातीत सचिन तेंडुलकर होता. तिचं १.६ लिटरचं इंजिन शंभर बीएचपीच्या आसपास ताकद द्यायचं, त्या काळच्या छोट्या गाडीसाठी हे फारच होतं. ऑक्टाव्हिया म्हटलं की छत्रपती संभाजीनगरजवळचा शेंद्रा कारखाना आठवतो. तिची टर्बो पेट्रोल व्हीआरएस आवृत्ती भारतात २००४ मध्ये आली. कागदोपत्री या ‘स्पोर्ट्स कार’ नसतील, पण चालवणाऱ्यांच्या लेखी आहेतच. फियाटने भारतातली गाड्यांची विक्री बंद करूनही काही वर्षं झाली. मूळ चाकं वाकली वा तडकली की मालक पुण्याच्या नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शोधत फिरतो. घोटाळा तिथेच होतो.

दोन मिलिमीटरने काय बिघडतं?

चाकाच्या बोल्टच्या छिद्रांच्या मध्यांतून एक वर्तुळ काढलं, तर त्याचा व्यास म्हणजे पीसीडी. पॅलिओला चार बोल्ट आणि ९८ मिलिमीटरचं वर्तुळ. बाजारात मात्र स्विफ्ट, आय-२०, होंडा सिटी यांच्यामुळे चार बोल्ट आणि १०० मिलिमीटरची चाकं ढिगाने. व्यासात फरक दोनच मिलिमीटर, म्हणजे प्रत्येक बोल्टमागे एक. म्हणूनच मोह होतो. पहिला बोल्ट सरळ जातो, उरलेले तिरके ओढले जातात, पाना मारला की सगळं घट्ट वाटतं. प्रत्यक्षात बोल्ट आपल्या जागेत पूर्ण टेकलेलाच नसतो. घाट उतरताना दर ब्रेकला चाक त्या बोल्टांना हिसके देतं आणि ते सैल होत जातात. हा फरक सामावून घेणारे खास हलते बोल्ट मिळतात. मात्र डोंगरात नेणाऱ्या वीस वर्षांच्या गाडीवर असा जुगाड करण्यापेक्षा ९८ चंच चाक मिळेपर्यंत थांबलेलं बरं.

ऑक्टाव्हियाची गंमत वेगळी. पहिल्या पिढीच्या गाडीला पाच बोल्ट, १०० मिलिमीटर. त्यानंतरची लॉरा आणि पुढच्या ऑक्टाव्हिया पाच बोल्ट, ११२ मिलिमीटर. त्यामुळे त्याच कंपनीचं, तोच बिल्ला असलेलं नवं चाक तिला लागतच नाही. उलट चाकणमध्ये बनलेल्या फोक्सवॅगन पोलोचं चाक बोल्टांना बरोबर जुळतं आणि मधल्या भोकाचं मापही तेच, ५७.१ मिलिमीटर. पण पोलो ही हलकी गाडी. चाकावर कोरलेली भारक्षमता, रुंदी आणि ब्रेकच्या कॅलिपरला मिळणारी मोकळी जागा पाहिल्याशिवाय सौदा करू नये. पॅलिओच्या हबचा व्यास ५८.१ आहे, म्हणजे ५७.१ भोकाचं चाक तिच्यावर चढणारच नाही. याउलट बाहेरच्या बहुतेक अलॉयचं भोक मोठं ठेवलेलं असतं. तिथे मधली पोकळी भरणारी कडी हवीच. ती नसेल तर चाक नेमकं मध्यावर येत नाही आणि ताशी ८० ला स्टिअरिंग थरथरू लागतं. मालक मग चार-चार वेळा बॅलन्सिंग करून घेतो.

ऑफसेट कशाला बघायचा?

हा आकडा बहुतेक जण विचारतच नाहीत. चाकाची मध्यरेषा आणि हबला टेकणारा भाग यांतलं अंतर म्हणजे ऑफसेट, चाकावर ‘ईटी’ म्हणून कोरलेला. समजा मूळ चाक सहा इंच रुंद आणि ईटी ३८ आहे. त्याजागी सात इंची, ईटी २५ घेतलं, तर बाहेरची कड जवळपास २६ मिलिमीटर पुढे येते. गाडी रुबाबदार दिसते खरी. पण मागे दोघं बसली, डिकीत सामान आलं आणि रतनवाडीच्या रस्त्यावर गाडी आपटली, की टायर मडगार्डच्या कडेला घासतो. बेअरिंगवर भार वाढतो तो वेगळाच.

मोठी चाकं घ्यावीत का?

भंडारदऱ्याकडे जायचं असेल तर नाही. हिशोब सरळ आहे. १९५/६५ आर १५, २०५/५५ आर १६ आणि २२५/४५ आर १७ या तिन्ही टायरांचा बाहेरचा व्यास साधारण ६३२ ते ६३५ मिलिमीटर. त्यामुळे स्पीडोमीटर चुकत नाही आणि दुकानदार म्हणतो, ‘साइज सेम आहे’. बदलते ती रबराची भिंत : १२७, ११३ आणि १०१ मिलिमीटर. खड्ड्याच्या कडेचा मार आधी हीच भिंत खाते. १७ इंचीकडे गेल्यावर अडीच सेंटीमीटरहून जास्त गादी गेली, आता मार थेट अलॉयला. पत्र्याची डिस्क वाकते आणि ठोकून तात्पुरती सरळ होते. अलॉय तडकतं. वेल्डिंग करून रंगवलेली अलॉय ‘सेकंड हँड, एकदम मस्त’ म्हणून सर्रास विकली जातात. ती पुढच्या चाकांना तरी लावू नयेत.

गाडीच्या मूळ आकारापेक्षा लहान चाकही आंधळेपणाने घेता येत नाही. वेगवान आवृत्त्यांचे पुढचे ब्रेक मोठे असतात, कॅलिपर आत अडकतो. दाराच्या चौकटीवर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेला आकार हाच उत्तम, तिथून खाली जायचं तर चाक चढवून, हाताने फिरवून बघायचं.

बोल्टचं काय?

ऑक्टाव्हियाच्या मूळ बोल्टचं टेकण्याचं टोक गोलसर असतं, बाहेरच्या बहुतेक अलॉयना निमुळतं लागतं. गोल बोल्ट निमुळत्या खाचेत घातला तर जेमतेम एका रेषेवर टेकतो. म्हणून नव्या चाकांबरोबर त्यांचेच बोल्ट घ्यावेत, टॉर्क पान्याने आवळावेत (ऑक्टाव्हियासाठी १२० न्यूटन-मीटर) आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. मुंबईहून निघालेल्यांना यासाठी घोटीचा थांबा सोयीचा.

एक गोष्ट मात्र नेहमी राहून जाते. डिकीतली स्टेपनी जुन्या पत्र्याच्या डिस्कवरच असते आणि तिला जुनेच बोल्ट लागतात. नव्या अलॉयचे लांब बोल्ट त्या पातळ डिस्कमधून आत जास्त घुसून ब्रेकच्या भागांना अडू शकतात. घाटघरच्या धुक्यात, रात्री आठला पंक्चर झाल्यावर हे कळून उपयोग नसतो. मूळ बोल्टांचा एक संच कापडात गुंडाळून जॅकशेजारी ठेवायला खर्च काहीच येत नाही.