डावी कूस, दोन विटा आणि तात्या

रात्रीचे अडीच. बाहेर कडाक्याची थंडी, अंगावर दोन गोधड्या, आणि छातीच्या मधोमध कुणीतरी शेगडी पेटवून ठेवलेली. घशात आंबट पाणी. उठून बसलं की बरं वाटतं, आडवं झालं की शेगडी पुन्हा चालू. हा सीन तुमच्यातल्या बऱ्याच जणांना पाठ असणार, फक्त लोकेशन वेगळं. माझं लोकेशन होतं तुळजापूरजवळचं आमचं गाव.

निमित्त चुलतभावाच्या लग्नाचं. आदल्या रात्री गोंधळ झाला, दुसऱ्या दिवशी बोकडाचं जेवण. बोकड अर्थातच उस्मानाबादी. (जिल्ह्याचं नाव 2023 मध्ये धाराशिव झालं, शेळीची जात मात्र अजून उस्मानाबादीच!) काळ्या तिखटाचा रस्सा, वर बोटभर तर्री, चुलीवरची भाकरी. पंगत बसली रात्री साडेदहाला. पुण्यात सॅलडवर जगणाऱ्या माणसाने चौथी वाटी मागायला नको होती, पण काकू वाढत होत्या. नाही कसं म्हणणार? साडेअकराला मी जो आडवा झालो, तो अडीचला उठूनच बसलो.

ओसरीवर तात्या जागे होते. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते.

"काय रं, झोप न्हाय व्हय?"

"ॲसिडिटी झालीय तात्या. इनो आहे का घरात?"

इनो राहिलं बाजूला, आधी माझी उलटतपासणी सुरू झाली. दुखतंय का जळजळतंय? हात जड पडलाय का? जबडा, पाठ? घाम आलाय का? दम लागतोय? सगळ्याला 'नाही' ऐकल्यावरच त्यांचा चेहरा सैल पडला.

मग कारण सांगितलं. चार वर्षांपूर्वी त्यांनाही अशीच 'ॲसिडिटी' झाली होती. पूर्ण दिवस ते ओवा चावत आणि सोडा पीत बसले. संध्याकाळी घामाने शर्ट भिजला तेव्हा पोरांनी गाडीत घालून सोलापूर गाठलं. हार्ट अटॅक होता. अँजिओप्लास्टी झाली, वाचले. "डाक्टर म्हणला, अजून दोन तास ओवा खाल्ला असता तर..." पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. पुण्यात फोनवर मला एवढंच कळलं होतं, की तात्यांची तब्येत जरा नरम आहे.

तेव्हा बॉस, हे आधी. छातीत दडपण, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, घाम, धाप यातलं काहीही असेल तर गोळी शोधत बसू नका, थेट हॉस्पिटल. वय तिशीचं आहे म्हणून सूट नाही.

माझी केस साधी होती. तात्यांनी परसातून दोन विटा आणल्या आणि माझ्या बाजेच्या उशाकडच्या दोन पायांखाली एकेक सरकवली. "आता डाव्या कुशीवर पड." त्यांच्या स्वतःच्या बाजेखालीही तशाच विटा होत्या. मला इतके दिवस वाटायचं, ओसरीच उतरती आहे!

यात जादू काही नाही, साधं प्लंबिंग आहे. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूची एक झडप असते. ती सैल पडली की ॲसिड वर येतं. दिवसा आपण उभे असतो, सतत लाळ गिळतो, त्यामुळे आलेलं ॲसिड धुतलं जातं. झोपेत गिळणं जवळपास थांबतं आणि गुरुत्वाकर्षणही मदतीला नसतं. डाव्या कुशीवर झोपलं की जठरातला माल त्या झडपेच्या खालच्या पातळीला राहतो, उजव्या कुशीवर नेमकं उलटं. आपल्याकडे जेवणानंतर वामकुक्षी घेतात, त्या शब्दाचा अर्थच मुळी डावी कूस! मी आजवर तो 'दुपारची डुलकी' एवढ्याच अर्थाने वापरत होतो.

विटांच्या जागी तीन उशा घेऊन चालत नाही, हा प्रयोग मी करून बसलोय. मान वाकते, कंबरेतून घडी पडते, पोटावर उलट दाब येतो. पूर्ण धडच तिरकं व्हायला हवं. पलंगाची उशाकडची बाजू साधारण सहा ते आठ इंच वर.

आणि झोपण्याआधी तीन तास पोट मोकळं. तेलकट-तुपकट जठरात जास्त वेळ रेंगाळतं. सिगरेट, दारू, कॉफी, चॉकलेट, अगदी तोंड फ्रेश करणारा पेपरमिंटसुद्धा, या सगळ्यांनी झडप सैल पडू शकते. म्हणजे आपली फ्रायडे नाइट जवळपास सगळीच.

गोळ्यांचं म्हणाल, तर ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये रॅनिटिडीनची स्ट्रिप पडलेली नसेल असं डिपार्टमेंट मी पाहिलेलं नाही. 2019 मध्ये त्यात एनडीएमए या घातक अशुद्धीचा बोभाटा झाला आणि 2022 मध्ये भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ती बाहेर पडली. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल चांगली औषधं आहेत, पण आपण ती जळजळ सुरू झाल्यावर घेतो. खरं तर ती जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायची असतात, आणि महिनोन्महिने डॉक्टरांना न विचारता नाही. घास अडकतोय, वजन आपोआप उतरतंय, शौचाला काळं होतंय, तर विटा ठेवा बाजूला आणि तपासून घ्या.

सकाळी देवीला गेलो. तुळजाभवानी वर्षातून तीनदा निद्रा घेते: नवरात्राआधी घोरनिद्रा, दसऱ्यानंतर श्रमनिद्रा आणि शाकंभरी नवरात्राआधी मोहनिद्रा. इथली मूर्ती चल आहे, त्यामुळे सिंहासनावरून हलवून तिला खरोखर पलंगावर निजवतात. श्रमनिद्रेचा पलंग तर थेट नगरकडून येतो. नवरात्रभर ड्यूटी केल्यावर कोजागरीपर्यंत झोप! आमचा एचआर प्रोजेक्ट संपल्यावर एक कॉम्प-ऑफ देताना कुरकुरतो.

पुण्यात परतलो तर नवा प्रॉब्लेम. आमचा बेड स्टोरेजवाला, त्याला पायच नाहीत. विटा ठेवणार कुठे? शेवटी गादीवाल्याकडून तिरका फोम कापून घेतला. पहिल्या रात्री मी झोपेत घसरत घसरत पायथ्याशी पोचलो, बायकोने पहाटे मला तिथून गोळा केलं. आता गुडघ्यांखाली एक छोटी उशी घेतो, मग घसरत नाही.

तात्यांना दर रविवारी फोन करतो. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "रातीला किती वाजता जेवतूस?"

मी अर्धा तास कमी करून सांगतो.