सीट वर करून देतो, साहेब!

उंच माणसाला आपल्याकडे दोन गोष्टी फुकट मिळतात. 'वर हवा कशी आहे?' हा जोक आणि माळ्यावरची बॅग काढून देण्याची विनंती. बाकी एसटीची सीट, ऑफिसचं टेबल, लॉजवरची चादर हे सगळं साडेपाच फुटी जनतेच्या मापाचं. सायकलही त्यातलीच. फरक एवढाच, की एसटीत गुडघे आखडले तर महाड स्टँडवर उतरून चहा मारता येतो. सायकलवर तेच गुडघे तुमचं इंजिन असतात.

मग एक दिवस ऑफिसच्या ग्रुपवर कुडपणचे फोटो येतात. कुडपण म्हणजे पोलादपूर तालुक्यातलं, डोंगरात उंचावर वसलेलं गाव. धबधबे, धुकं, भीमाची काठी नावाचा सुळका, वगैरे. लगेच प्लॅन ठरतो. गाड्यांवर सायकली टाकायच्या, मुंबई-गोवा हायवेने पोलादपूर गाठायचं आणि तिथून पुढे पायडल मारत वर. प्लॅन सॉलिड आहे. (फक्त मुसळधार पावसाचे दिवस टाळा. जुलै २०२१ मध्ये या दोन तालुक्यांत दरडींनी काय केलं ते तळियेच्या लोकांना विचारा. ऑक्टोबर-नोव्हेंबर मस्त.) पण तुमची उंची सहा फूट दोन इंच असेल आणि सायकल अजून घ्यायची असेल, तर कुडपणच्या आधी दुकानाचा घाट पार करावा लागेल.

दुकानात पहिला प्रश्न येतो, 'सव्वीसची देऊ, सत्तावीस-पाचची, की एकोणतीसची?' आपल्याला वाटतं, हेच सायकलचं माप. चूक. हे चाकाचं माप आहे. मोठं चाक म्हणजे मोठी सायकल, हा गैरसमज आपल्याकडे इतका पक्का आहे की काही दुकानदारही तो मनापासून बाळगतात. चाक एकोणतीसचं असलं तरी फ्रेम मीडियम असू शकते. उंच माणसाचा संबंध फ्रेमशी. म्हणजे सीटखालच्या उभ्या नळीची लांबी, आणि त्याहून जास्त, सीटपासून हँडलपर्यंतचं अंतर. बऱ्याच स्वस्त मॉडेल्सची फ्रेम तर एकाच मापात येते. ती पाच-सातवाल्याला बसते. तुम्हाला 'बसवली' जाते.

गंमत म्हणजे आपल्या आजोबांना हे कळत होतं. ती काळी, दांड्याची, पोस्टमन आणि दूधवाल्यांची सायकल घेताना बावीसची की चोवीसची असा प्रश्न असायचा, आणि तो फ्रेमबद्दल असायचा. चाकं दोन्हींना अठ्ठावीसचीच. उंच गडी चोवीसची घ्यायचा. घरातल्या पोरांना तीच मिळायची, म्हणून ती दांड्याखालून पाय घालून हाफ पेडल शिकायची. गिअर आले, सस्पेन्शन आलं, डिस्क ब्रेक आले आणि आजोबांचा प्रश्न मधल्या मध्ये गळाला.

त्याच्या जागी आता एक वाक्य ऐकू येतं, 'सीट वर करून देतो, साहेब!' या वाक्यापासून सावध राहा. सीट वर केली की पाय सरळ होतो, हे खरं. पण सीटची नळी सरळ उभी नसते. ती मागे कललेली असते, साधारण ७३ अंशांत. त्यामुळे सीटपोस्ट १० सेंटीमीटर वर खेचली की सीट जवळजवळ ३ सेंटीमीटर मागेही जाते. म्हणजे तुमचं वजन मागच्या चाकाकडे सरकतं. ऑफिसच्या सपाट रस्त्यावर हे जाणवणारही नाही. घाटात मात्र रस्ताच तुम्हाला मागे झुकवतो. त्यात सीट मागे, पाय लांब, धड उंच. पुढचं चाक हलकं होतं आणि इकडेतिकडे भरकटायला लागतं. ते खाली दाबून ठेवायला तुम्ही हँडलवर ओणवे होता आणि अर्ध्या चढातच पाठ बोलायला लागते. उतारावर उलटी तऱ्हा. सीट हँडलपेक्षा वीतभर वर, सगळा भार मनगटांवर, आणि वळणावर बारीक खडी. अशा वेळी पुढचा ब्रेक जोरात दाबायची वेळ येऊ नये.

शिवाय सीटपोस्टवर एक रेघ असते. ती नळीच्या आतच राहिली पाहिजे. रेघ बाहेर दिसत असेल तर पोस्ट वाकू शकते, मोडू शकते किंवा फ्रेमला तडा जाऊ शकतो. दुकानदार हसून 'काही होत नाही' म्हणाला तरी त्याचं ऐकू नका.

मग माप घ्यायचं कसं? उंचीवरून नाही. बूट काढा, भिंतीला पाठ लावून उभे राहा आणि ऑफिसने जानेवारीत दिलेली ती जाडजूड पुठ्ठ्याची डायरी (शेवटी उपयोगी पडली!) दोन पायांच्या मध्ये धरून वर दाबा. अगदी सीटवर बसल्यासारखी, लाजू नका. डायरीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर कुणाला तरी मोजायला सांगा. हे तुमच्या पायाचं आतलं माप. याला ०.८८३ ने गुणलं की क्रँक ज्या आसावर फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत किती अंतर हवं ते कळतं. १९८६ मध्ये टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँडमुळे हा आकडा जगभर पोचला. रोड बाइकची फ्रेम साधारण त्याच मापाच्या ०.६५ ते ०.६७ पट धरतात.

आता समजा, तुमच्या टीममध्ये दोघे जण सहा-दोनचे आहेत. एकाचा पाय ९० सेंटीमीटर, दुसऱ्याचा ८४. पहिल्याची सीट साडेएकोणऐंशीवर येईल, दुसऱ्याची चौऱ्याहत्तरच्या आसपास. फ्रेम पहिल्याला ५८ ते ६० ची, दुसऱ्याला ५५-५६ ची. उंची तीच आणि सायकली वेगळ्या! पण दुसऱ्याचं धड लांब आहे, म्हणजे त्याला हँडल लांब हवं. नुसत्या पायाच्या हिशोबाने घेतलेल्या फ्रेमवर तो आखडून बसेल. म्हणून हे गुणाकार फक्त सुरुवातीला वापरायचे. हे आकडे आडवा दांडा खरोखर आडवा असायचा तेव्हाचे. आता दांडा मागे उतरता असतो, त्यामुळे नळीची लांबी पूर्वीइतकी बोलत नाही. एका कंपनीचं लार्ज दुसरीच्या मीडियमला चिकटलेलं असतं. कंपनीच्या वेबसाइटवर जॉमेट्रीचा तक्ता असतो, त्यात 'रीच' आणि 'स्टॅक' हे दोन आकडे बघा. फ्रेम पुढे किती लांब आणि समोर किती उंच, ते त्यातून कळतं. एस-एम-एलपेक्षा हे आकडे जास्त खरं बोलतात.

उंच म्हणून डोळे मिटून सगळ्यात मोठी घ्या, असंही मी म्हणणार नाही. फार लांब फ्रेमवर खांदे कानांपर्यंत येतात. आणि घाटात चढावर पाय टेकवायची वेळ आली, तर दांडा कुठे लागतो हे सांगायला नको. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभं राहिल्यावर रोड बाइकला दोन-तीन सेंटीमीटर आणि माउंटन बाइकला त्याहून बरीच जास्त जागा मोकळी हवी. दोन मापांच्या मध्ये अडकलात, तर हँडलची दांडी, म्हणजे स्टेम, बदलून दोन-तीन सेंटीमीटर इकडेतिकडे करता येतं. त्याहून जास्त फरक पडत असेल तर फ्रेमच चुकतेय.

आणि उंच माणसाने घाटाच्या वाटेला जाऊ नये, हेही मनातून काढा. १९९१ ते १९९५ सलग पाच वेळा टूर जिंकणारा मिगेल इंडुराइन सहा-दोनचाच. त्याची सायकल मात्र त्याच्या मापाची होती.

खरी अडचण आपल्याकडे वेगळीच. एक्स्ट्रा लार्ज फ्रेम दुकानात क्वचितच उभी असते. ऑर्डर करावी लागते, थांबावं लागतं, आणि त्या थांबण्याच्या काळातच 'साहेब, ही लार्ज आजच घेऊन जा, डिस्काउंट देतो' सुरू होतं. त्याला सांगा, आधी चालवून बघतो. आणि सपाट गल्लीत नको. शेजारच्या मॉलच्या पार्किंगचा रॅम्प गाठा. सीट तुमच्या मापावर, गिअर सगळ्यात हलका, बूड सीटवरून न उचलता वर चढवा. पुढचं चाक सरळ रेषेत राहतंय का, कोपर थोडी वाकलेली आहेत का, गुडघा हँडलला तर लागत नाही ना, एवढं बघा. मग वळा आणि दोन्ही ब्रेक धरून खाली या. सिक्युरिटीवाला शिट्टी मारेपर्यंत तीन-चार फेऱ्या सहज होतात.