टाकी आणि तार

बंदरात इंजिन एका दमात सुरू होते. धूर स्वच्छ, आवाज एकसारखा. बोट खाडीतून बाहेर पडते, मुखाशी उंच लाटा लागतात आणि इंजिनाचा आवाज खाली येतो. पुन्हा उचलतो, पुन्हा पडतो, मग बंदच होतो. नायगाव, पाचूबंदर, किल्लाबंदर, अर्नाळा आणि वसईच्या खाडीपलीकडे उत्तन या पट्ट्यातल्या कुठल्याही तांडेलाला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. बोट दुसऱ्या बोटीच्या दोराने ओढून आणली जाते, मेकॅनिक येतो आणि किनाऱ्याला लागलेले इंजिन पुन्हा उत्तम चालते. मग संशयावरून इंजेक्टर बदलतात. त्यानेही भागले नाही, तर पंप खोलून कॅलिब्रेशनला पाठवतात. पैसे जातात, फेऱ्या बुडतात आणि पुढच्या उधाणात इंजिन त्याच जागी दम तोडते.

बहुतेक वेळा दोष इंजिनात नसतो, टाकीच्या तळाशी असतो. डिझेलपेक्षा पाणी जड, म्हणून ते खाली बसते. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात त्या सीमेवर जंतू आणि बुरशी वाढतात आणि त्यांचा काळसर, बुळबुळीत साका तळाला चिकटतो. शांत पाण्यात तो हलत नाही, म्हणून बंदरातल्या चाचणीत काहीच सापडत नाही. बोट हेलकावू लागली की तो घुसळून वर येतो आणि इंधन खेचणाऱ्या नळीच्या तोंडाशी जमतो. इंजिन उपाशी राहते. बोट स्थिर झाली की साका पुन्हा खाली बसतो.

हे लिहिण्याचे कारण पावसाळा आहे. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै, म्हणजे 61 दिवस, यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. बोटी वर ओढून शाकारल्या जातात. या दोन महिन्यांत आपल्याकडे फळ्या, फायबर, रंग आणि जाळी यांवर पैसा आणि लक्ष खर्च होते. ते व्हायलाच हवे. पण टाकी आणि वायरिंग या दोन गोष्टींना हात लागतो तो बहुधा बंद पडल्यावर. शाकारणीचे पहिले काम टाकी आणि तार हे असावे, रंग नंतर, असे आमचे स्पष्ट मत आहे. मुंबई बंदरातल्या कोट्यवधींच्या मोटर यॉटला आणि डोल जाळ्यांच्या बोटीला हा नियम सारखाच लागू होतो, कारण दोन्हींच्या पोटात डिझेल तसेच साठते आणि तांबे तसेच गंजते.

पाणी टाकीत येते कुठून? अर्धी रिकामी टाकी दोन महिने दमट हवेत उभी राहिली की दिवसा तापते, रात्री निवते आणि आतल्या पत्र्यावर दव धरते. भरण्याच्या तोंडाचे रबरी वायसर झिजलेले असते. हवेची नळी डेकवर खुल्या तोंडाने उभी असते, लाट आली की पाणी आत. शिवाय कॅनमधून डिझेल आणताना कॅन आधी कशाला वापरला होता हे कोणी पाहत नाही. म्हणून बोट शाकारताना टाकी एक तर काठोकाठ भरावी, नाही तर पूर्ण रिकामी करून पुसून ठेवावी. अर्धी ठेवण्यात सगळा तोटा आहे. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची टाकी स्वस्त पडते खरी, पण जस्ताचा डिझेलशी संयोग होऊन तयार होणारे साबणासारखे क्षार फिल्टर चोंदवतात. मुलामा टाकीच्या आत नसलेलाच बरा.

साका मारणारे औषध बाजारात मिळते. ते नुसते ओतून भागत नाही. मेलेली बुरशी सुटून वर येते आणि एका फेरीत तीन फिल्टर खाते. आधी टाकी खोलून हाताने घासावी लागते आणि जुन्या बोटींची अडचण इथेच आहे. टाकीला हात जाईल असे झाकणच ठेवलेले नसते. नवी टाकी करून घेताना बोटवाल्याने तीन गोष्टींचा हट्ट धरावा: तळाला एका कोपऱ्याकडे उतार, त्या कोपऱ्यात गाळ काढायचा कॉक आणि कोपर सहज आत जाईल एवढे झाकण. इंधन खेचणारी नळी तळापासून थोडी वर थांबवावी. तळातले काही लिटर डिझेल वापरता येत नाही अशी कुरकुर होते, पण ते डिझेल तसेही इंजिनाला द्यायच्या लायकीचे नसते.

दुसरा चोर हवा. टाकीपासून पंपापर्यंतची नळी इंधन खेचते, म्हणजे तिच्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. तिथे सांधा सैल असला तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत शिरते. कोरडा दिसणारा सांधा म्हणूनच फसवतो. ‘इंजिन एअर घेतंय’ असे मेकॅनिक म्हणतो, हवा काढून देतो आणि निघून जातो. हवा काढणे ही सुटका झाली. हवा कुठून आली याचा शोध राहूनच जातो. त्या मार्गात वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती बसवली की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. तिची जागा फिल्टरच्या अलीकडे, मग पलीकडे अशी बदलत गेले की सैल सांधा सापडतो.

याहून सोपी परीक्षा म्हणजे इंजिन वेगळ्या कॅनवर चालवणे. स्वच्छ डिझेलचा कॅन घट्ट बांधून छोट्या नव्या नळीने पंपाला जोडावा, परतीची नळीही त्याच कॅनमध्ये सोडावी आणि दुसरी बोट सोबत घेऊन खाडीच्या मुखाशी जाऊन यावे. लाटांत इंजिन नीट चालले, तर इंजेक्टर आणि पंप निर्दोष आहेत, दोष टाकीकडच्या बाजूला आहे. या एका तपासणीने अर्धा संशय मिटतो आणि लागते ते फक्त काही फूट रबरी नळी. कायमची सोय म्हणून पाणी वेगळे करणारा पारदर्शक वाटीचा फिल्टर आणि त्याच्या पुढे निर्वात दाखवणारे छोटे गेज बसवावे. रोज सुई पाहण्याची सवय लागली की ती चढू लागल्यावर अडथळा वाढतो आहे हे आठवडाभर आधी कळते.

विजेकडे वळताना एक आकडा समोर ठेवू. केबिनमधली बॅटरी 12 व्होल्टची, पाणी उपसणारा पंप 10 मीटरवर आणि तो 10 अँपिअर घेतो. तार जाऊन येऊन 20 मीटर. घरातल्या प्लगला वापरतात ती 2.5 चौरस मिलिमीटरची तार ओढली, तर तांब्याच्या रोधामुळे वाटेतच सुमारे 1.4 व्होल्ट खर्च होतात, म्हणजे जवळजवळ 12 टक्के. 10 चौरस मिलिमीटरची तार घेतली तर नुकसान 0.35 व्होल्टवर, 3 टक्क्यांच्या आत येते. सुरक्षेच्या उपकरणांसाठी बोटबांधणीत 3 टक्क्यांचीच मर्यादा धरतात. ‘पंप जळाला’, ‘दिवा मिणमिणतो’, ‘फिश फाइंडर मधूनच बंद होतो’ या तक्रारींत उपकरण बदलले जाते आणि तार तशीच राहते. मोठ्या बोटींवर 24 व्होल्टची यंत्रणा असते त्याचे कारण हेच. तेच काम निम्म्या अँपिअरमध्ये होते आणि वाटेत हरवणारे व्होल्ट निम्म्याने उतरतात.

हा दोष पकडताना मल्टिमीटरसुद्धा फसवू शकतो. दहा धाग्यांतला एकच धागा शाबूत असला तरी उपकरण बंद असताना मीटर पूर्ण 12 व्होल्ट दाखवतो, कारण तारेतून काही वाहतच नसते. उपकरण चालू ठेवूनच मोजले पाहिजे. एक टोक बॅटरीच्या धनाग्रावर, दुसरे उपकरणाच्या धन जोडावर. मीटर जो आकडा दाखवेल तेवढे व्होल्ट वाटेत हरवत आहेत. तेच ऋण बाजूने करावे. बहुतेकांची तपासणी धन बाजूशी थांबते, आणि गंज ऋण बाजूच्या थिंबलमध्ये बसलेला असतो. काळी टेप गुंडाळून केलेला जोड समुद्रावर जोड मानूच नये. खारे पाणी इन्सुलेशनखाली धाग्यांच्या फटींतून वर चढत जाते आणि टोकापासून वीतभर आत तांबे हिरवे-काळे पडते. कथिलाचा मुलामा दिलेली बहुधागी तार, दाबून बसवलेले थिंबल आणि गोंद असलेली आकसणारी नळी यांचा खर्च साध्या तारेपेक्षा जास्त आहे, हे मान्य. पण तार दहा वर्षांसाठी ओढायची असते.

फ्यूज बॅटरीच्या टोकापासून शक्य तितका जवळ हवा. फ्यूज उपकरण वाचवण्यासाठी असतो हा समज चुकीचा आहे. तो तार वाचवतो. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामध्ये पाच मीटर उघडी तार गेली असेल, तर त्या पाच मीटरला कोणीच राखणदार नाही. 2025 च्या फेब्रुवारीत अलिबागजवळ अक्षीच्या समुद्रात मासेमारी बोट पेटली. खलाशी वाचले, आणि शॉर्टसर्किटची शंका तेव्हा बातम्यांतून आली. जाळी, दोर, फायबर आणि डिझेल एकत्र असलेल्या जागेत एका तापलेल्या तारेचा अर्थ काय होतो, हे तिथल्या माणसांनी पाहिले आहे.

आता आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. जुने यांत्रिक डिझेल इंजिन एकदा सुरू झाले की त्याला विजेची फारशी गरज उरत नाही. बॅटरी मेली तरी ते बंदरापर्यंत आणते. त्यामुळे आपल्या मनात इंधन आणि वीज ही दोन वेगळी खाती तयार झाली, एक डिझेल मेकॅनिकचे आणि एक वायरमनचे. नव्या कॉमन रेल इंजिनाने ही विभागणी मोडली आहे. त्यात इंधन हजार बारच्याही पुढच्या दाबाने फवारले जाते, म्हणून पूर्वी खपून जाणारा पाण्याचा थेंब आता इंजेक्टरचे तोंड खातो. आणि कधी, किती फवारायचे हे संगणक ठरवतो, म्हणून एक गंजलेला ऋण जोड भर समुद्रात इंजिन थांबवू शकतो. जुनी टाकी आणि जुनी तार तशीच ठेवून त्यावर नवे इंजिन बसवणे म्हणजे अडचण विकत घेणे आहे. इंजिन बदलण्याच्या अंदाजपत्रकात टाकी, नळ्या, दोन टप्प्यांचे फिल्टर आणि नवे वायरिंग पहिल्या दिवसापासून धरले पाहिजे. स्टार्टरची बॅटरी वेगळी आणि दिवे-उपकरणांची वेगळी, हेही त्यातच.

लिथियम बॅटरीबाबतही थोडी सबुरी हवी. ती हलकी आहे, टिकाऊ आहे. पण ती अल्टरनेटरकडून एवढा प्रवाह ओढते की साधा अल्टरनेटर तापून जातो आणि तिच्या संरक्षक सर्किटने अचानक जोड तोडला, तर अल्टरनेटरचे डायोड उडतात. चार्जिंगची व्यवस्था बदलल्याशिवाय नुसती बॅटरी बदलू नये.

पेट्रोलवरच्या आउटबोर्ड इंजिनांचा प्रश्न वेगळा आणि नवा आहे. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतले पाणी शोषते आणि मर्यादेपलीकडे गेले की पाण्यासह पेट्रोलपासून फुटून तळाला बसते. डिझेलमधले पाणी कॉक उघडून काढता येते. इथे मात्र फुटून वेगळे झालेले पेट्रोल उरतेच निकृष्ट, ते टाकून द्यावे लागते. छोट्या होड्यांनी पेट्रोल महिनोन्महिने साठवू नये, एवढेच त्यावर औषध. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्याने बंदिस्त तळात ती साचते. इंजिन सुरू करण्याआधी तळाची हवा बाहेर काढणे यासाठीच.

शासनाकडेही आमचे काही मागणे आहे. 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरमध्येच पंतप्रधानांच्या हस्ते मासेमारी बोटींवर टप्प्याटप्प्याने एक लाख ट्रान्सपाँडर बसवण्याची योजना सुरू झाली. योजना चांगली आहे, जीव वाचवणारी आहे. पण ट्रान्सपाँडर, रेडिओ अशी सारी साधने बोटीच्या विजेवर अवलंबून असतात. व्हीएचएफ रेडिओचे पाहा. ऐकताना तो जेमतेम प्रवाह घेतो, बोलताना पाच-सहा अँपिअर ओढतो. तार कमकुवत असेल तर रेडिओ सगळे ऐकवतो आणि मदत मागायला बटण दाबले की बंद पडतो. उपकरणासाठी जसा निधी ठेवला जातो, तसा त्याच्यापर्यंत जाणाऱ्या तारेसाठीही ठेवावा. परवाना नूतनीकरणाच्या वेळी कागदपत्रांबरोबर एका पानाची तपासणी जोडता येईल: टाकीच्या तळातला नमुना, फ्यूजची जागा, भाराखाली मोजलेले व्होल्टेज. पालघर जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये डिझेल आणि विद्युत ही दोन्ही कामे जाणणारा सागरी मेकॅनिक घडवणारा छोटा अभ्यासक्रम सुरू झाला, तर कोळीवाड्यातल्या मुलांना किनाऱ्यावरच काम मिळेल. डिझेलच्या मूल्यवर्धित कराचा परतावा संस्थांना वेळेवर मिळाला, तर दुरुस्तीचे पैसे जूनमध्ये हातात असतील. तो रखडला की पहिली कात्री टाकी आणि तारेवर चालते.

प्रवासी वाहतुकीला हे सगळे अधिक कडकपणे लागू व्हावे. पाणजू बेटावरची माणसे आजही बोटीने नायगावला येतात, शाळकरी मुले, आजारी माणसे, बाजारहाट सगळे त्या पाण्यावरून. 2024 पासून वसई-भाईंदर रो-रो सुरू झाल्याने खाडीतली वर्दळही वाढली आहे. ओहोटीच्या ओढीत इंजिन बंद पडलेली बोट रेल्वे पुलाच्या खांबांकडे किती वेगाने सरकते, हे नायगावकरांना ठाऊक आहे. तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक प्रत्येक बोटीत ठळक रंगवलेला असावा.

आणि सुरुवात काचेच्या बरणीने करावी. टाकीच्या तळातून अर्धा लिटर डिझेल बरणीत काढून रात्रभर खिडकीत ठेवले, की सकाळी पाण्याची रेघ आणि काळा साका आपोआप वेगळे दिसतात. ही बरणी जूनच्या पहिल्या आठवड्यात भरली, तर टाकी घासायला, वाळवायला आणि नव्या तारा ओढायला ऑगस्टपर्यंत आठ आठवडे हाताशी राहतात.