'माणूस मिळत नाही', ही ओरड कोणाची?

दसरा-दिवाळी जवळ आली की अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातील हॉटेले, ढाबे आणि फार्महाऊस चालविणाऱ्यांचे एक ठरलेले गाऱ्हाणे ऐकू येते, 'माणूस मिळत नाही!' भटारखान्यात राबणारा नेपाळी तरुण नेमका याच सुमारास दशैं-तिहारसाठी गावी जातो आणि पर्यटकांची वर्दळ तेव्हाच वाढते.

या तरुणावर आगपाखड करण्याचे कारण नाही. ३१ जुलै १९५० च्या भारत-नेपाळ कराराने त्याला येथे वास्तव्याची, संचाराची आणि व्यापार-उदिमाची मोकळीक दिली आहे. पशुपतिनाथाच्या भूमीतून आलेला हा श्रमिक अंबरनाथच्या शिवालयाला परका कसा? प्रश्न त्याच्या येण्याचा नाही, त्याच्या अगतिकतेवर उभारलेल्या धंद्याचा आहे. घर दूर म्हणून तो कामाच्या जागीच पथारी पसरतो. हजेरीपत्रकात नाव नाही म्हणून भविष्य निर्वाह निधी मागत नाही. अनेक मालकांना 'माणूस' हवा असतो तो असा! २०२० च्या टाळेबंदीत हेच हात गावी परतले आणि चुली थंडावल्या. त्यातून धडा कोणी घेतला? आज आखाती देश आणि मलेशिया त्याच नेपाळी तरुणाला बोलावत आहेत.

इकडे परिसरातील वनवासी वाड्यांतली कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर बिऱ्हाड हलवितात. बदलापूरचा पदवीधर तुटपुंज्या पगारासाठी लोकलला लोंबकळत मुंबई गाठतो. पण गावातल्या हॉटेलात वाढप्याचे काम त्याला कमीपणाचे वाटते. हा दोष मालकांचा नव्हे, आपल्या समाजाचा आहे.

श्रमाची लाज बाळगणाऱ्यांनी शेजारच्या उल्हासनगरकडे पाहावे. फाळणीत सर्वस्व गमावून कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकींत आलेल्या सिंधी बांधवांनी फेरी मारली, रेल्वेगाड्यांतून माल विकला. कोणतेही काम हलके मानले नाही. त्या घामातून १९४९ साली नामकरण झालेले हे नगर उद्योगनगरी बनले.

इ.स. १०६० चा शिलालेख मिरविणारे शिवमंदिर, कोंडेश्वरचा धबधबा, बारवीचा जलाशय यांच्या आधारे येथे पर्यटन जरूर वाढावे. पण आधी हजेरीपत्रकावर नाव, रास्त वेतन आणि राहण्यास माणसाची खोली द्यावी. स्थानिक तरुणांना पाकशास्त्राचे आणि आतिथ्याचे प्रशिक्षण द्यावे. मग स्थानिकही येतील आणि नेपाळी बांधवही सन्मानाने राहील. तोवर या ओरडीचा अर्थ एवढाच, की माणसाला माणूस म्हणून वागविणारा मालक मिळत नाही!