लॅब्राडॉर : याची भूक खोटी नसते

लॅब पाळलेल्या घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "अरे, आत्ताच तर जेवलास ना!" भांडं चाटूनपुसून लख्ख झालेलं असतं आणि स्वारी पुन्हा स्वयंपाकघराच्या दाराशी हजर. आपण त्याला हावरट म्हणून मोकळे होतो.

त्याच्या नावापासूनच घोटाळा आहे. लॅब्राडॉर हा मुळात लॅब्राडॉरचा नाहीच. त्याचे पूर्वज कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या न्यूफाउंडलंड बेटावरचे. तिथले कोळी 'सेंट जॉन्स वॉटर डॉग' नावाचे कुत्रे मासेमारीला सोबत नेत. गळातून सुटलेला मासा धरायचा, पाण्यातली दोरी तोंडात पकडून आणायची, ही त्यांची कामं. बर्फगार पाण्यात टिकायचं म्हणून आखूड, दाट, पाणी झटकणारे केस, बोटांमध्ये पडदे आणि सुकाणूसारखी जाड शेपटी. आज याच शेपटीने तुमच्या टीपॉयवरचे कप उडतात! एकोणिसाव्या शतकात हे कुत्रे मासळीच्या जहाजांतून इंग्लंडला पोहोचले. माल्म्सबरीचे अर्ल आणि स्कॉटलंडचे बक्लू घराणे यांनी शिकारीतले पक्षी उचलून आणण्यासाठी त्यांची पैदास केली. १९०३ मध्ये ब्रिटनच्या केनेल क्लबने या जातीला मान्यता दिली. मूळचा सेंट जॉन्स कुत्रा मात्र विसाव्या शतकात नामशेष झाला.

आता भुकेबद्दल. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांना २०१६ मध्ये आढळलं, की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये 'पीओएमसी' या जनुकाचा छोटा तुकडा गळालेला असतो. २०२४ मध्ये त्यांनी आणखी दाखवून दिलं, की अशा कुत्र्यांना दोन जेवणांच्या मध्ये जास्त भूक लागते आणि आराम करताना त्यांचं शरीर सुमारे २५ टक्के कमी ऊर्जा खर्च करतं. म्हणजे भूक जास्त, खर्च कमी. अपंगांना मदत करणाऱ्या लॅबमध्ये हा दोष अधिक आढळला. एका बिस्किटासाठी वाटेल ते शिकायला तयार असलेला कुत्रा शिकवायला सोपा, हे त्यामागचं कारण असू शकतं.

याची किंमत वयात मोजावी लागते. एका अभ्यासात ४८ लॅब पिल्लं आयुष्यभर पाहिली गेली. एकाच वेताच्या भावंडांच्या जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीतल्या एकाला २५ टक्के कमी खाणं दिलं. कमी खाणारे मध्यमानाने १३ वर्षं जगले, दुसरे ११.२ वर्षं. सांधेदुखीही त्यांना उशिरा सुरू झाली.

जवळजवळ दोन वर्षं! आपल्याकडे तर लाड म्हणजे खाऊ घालणं. आजोबांच्या चहातलं बिस्किट, मुलांनी टाकलेला पराठा, पाहुण्यांचा पेढा. लॅबच्या करुण डोळ्यांपुढे भलेभले विरघळतात. म्हणून खाणं अंदाजाने नको, मोजून द्या आणि शिकवतानाची बिस्किटं त्यातूनच कापा. बरगड्यांवरून हात फिरवला तर त्या सहज जाणवल्या पाहिजेत, दाबून शोधाव्या लागत असतील तर वजन वाढलंय. कांदा, मनुका, द्राक्षं, चॉकलेट अजिबात नाही. आणि फ्रिजवर एक कागद चिकटवा, कोणी काय दिलं ते लिहायला. पहिल्या आठवड्यातच कळेल, की घरातला प्रत्येक जण 'मी एकच दिलं' म्हणतोय.