रेताड रानातील वैरण

सुरतेच्या लिंबायत-उधना भागांत राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांपैकी पुष्कळांची मुळे अद्याप खानदेशच्या मातीत आहेत. तरुण मंडळी येथे मागावर राबतात. वडीलधारी माणसे धुळे, जळगाव अगर नंदुरबारकडील गावी दोन-तीन एकर हलके रान आणि एखादी गाय सांभाळून असतात. येथून पाठविलेल्या पैशांतील किती भाग उन्हाळ्यात विकतच्या कडब्यावर खर्ची पडतो, हे ज्याचे त्यास ठाऊक. शेतकऱ्यांचा आश्रयदाता संत इसिदोर याचा सण 15 मे रोजी येतो व त्यामागोमाग पेरणीची घाई सुरू होते. यास्तव या सदरात वैरणीचा विचार करणे अस्थानी होणार नाही.

गवत म्हटले म्हणजे आपणांस बांधावरचे गवत आठवते. परंतु ज्वारी, बाजरी व मका ही एका हंगामात संपणारी पिकेही गवताच्याच कुळातील होत. अंजनासारखे बहुवर्षायू गवत कोरड्या रानात उत्तम खरे, पण पहिले वर्ष ते मूळ धरण्यातच घालविते. ज्याने जमीन वर्षापुरती बटाईने घेतली आहे, त्याने दुसऱ्याच्या रानात ते लावून काय साधावे? त्यास एका पावसात पदरात पडणारी वैरणच हवी.

वाळूत पाणी झटकन मुरते, पण टिकत नाही. आणि जाताना खतही खाली घेऊन जाते. म्हणून कोणते पीक उंच वाढते हा प्रश्न येथे गौण. पावसाने पंधरवडाभर ओढ दिली तर कोणते तगते, हे पाहावे. आफ्रिकन टॉल मक्याच्या उंचीचा मोह पडतो, पण त्यास पाणी हवे. मालदांडी ज्वारीचा कडबा गुरे आवडीने खातात, परंतु ते रब्बीचे, काळ्या जमिनीचे पीक. आमच्या मते अशा रानात पहिला मान बाजरीचा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘जायंट बाजरा’ ही जात वैरणीसाठीच काढलेली आहे. एकरी सुमारे 4 किलो बी पुरते. ते दोन-तीन सेंटीमीटरहून खोल जाऊ देऊ नये. मधून चवळीच्या ओळी घ्याव्यात, म्हणजे वैरण अधिक सकस होते. पीक फुलोऱ्यावर येताच, साधारण 50 ते 55 दिवसांनी, कापावे. पुढे ताटे निबर होतात. कुजलेले शेणखत जितके मिळेल तितके घालावे. युरिया मात्र थोडा-थोडा, दोन हप्त्यांत द्यावा. ताणावर असलेल्या बाजरीस तो भरमसाट दिल्यास वैरणीत नायट्रेट साठून तीच गुरांस बाधते.

ज्वारीविषयी अधिक सावध राहिले पाहिजे. हिवाळ्यात तापीकाठी ज्या ज्वारीचा पोंक आपण मिटक्या मारीत खातो, तिच्याच कोवळ्या पानांत गुरांचा प्राण घेणारे विष असते. कोवळे पान गुराने चावले की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटते. गुडघ्याएवढ्या ज्वारीत, पावसाअभावी खुरटलेल्या ताटांत आणि कापणीनंतर किंवा दुष्काळानंतरच्या सरीने फुटलेल्या हिरव्यागार धुमाऱ्यांत ते विशेष असते. रेताड रानात ज्वारी खुरटण्याचा प्रसंग वारंवार येतो, आणि भुकेली गाय धुमाऱ्यांकडेच आधी धावते. धाप लागते, लाळ गळते, तोल जातो. काही वेळा अर्ध्या तासात सारे संपते. सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट यांच्या इंजेक्शनांनी जनावर वाचू शकते, परंतु पशुवैद्य तितक्या वेळात पोहोचला तर. ज्वारी पेरलीच असेल तर फुलोऱ्यापर्यंत तिला गुरांचे तोंड लागू देऊ नये. नीट वाळविलेल्या कडब्यात हे भय पुष्कळ कमी होते. अधिक माहिती हवी असल्यास नवसारी कृषी विद्यापीठाचे ज्वारी संशोधन केंद्र येथेच, सुरतेत, अठवा फार्मवर आहे.

बाजरीत हे विष नसते. तिला प्रथम मान देण्याचे आमचे मुख्य कारण हेच.

गावी फोन लागेल तेव्हा खुशालीबरोबर एवढे विचारून घ्यावे: ज्वारी कोणत्या तुकड्यात पेरली आहे, आणि गाय चारावयास हल्ली कोण नेतो?