काकांचा निकाल आपण कोण लावणार?

मेसचे काका दीड महिन्याच्या सुट्टीनंतर परत आले, तेव्हा त्यांचा खालचा ओठ आखडलेला होता आणि मानेवर लांब व्रण. आपल्या होस्टेलने दहा मिनिटांत निकाल लावला, "कॅन्सर आहे रे, गेला माणूस!" एकाने तर नवीन मेसवाला शोधायची भाषा केली. मी पण त्या घोळक्यात होतो, म्हणून हे लिहितोय.

काका खालापूरकडचे. तंबाखू-चुना मळायचा आणि ओठाआड बार भरायचा, ही तीस वर्षांची सवय. त्याच जागी आतून जखम झाली. दुखत नव्हती, हीच पंचाईत. गावाकडच्या एका डॉक्टरने मलम दिलं, त्यात चार महिने गेले. शेवटी पुतण्याने कर्जत लोकलमध्ये बसवलं, दादरला गाडी बदलून परळला टाटा मेमोरियलमध्ये नेलं. तुकडा तपासला, ऑपरेशन झालं, मानेतल्या गाठीही काढल्या. रिपोर्टमध्ये गाठी स्वच्छ निघाल्या. आम्ही "गेला" म्हणत होतो तेव्हा हा कागद त्यांच्या पिशवीत होता!

आता आकड्यांचं बोलू, आपण इंजिनिअर ना? ओठाचा कॅन्सर लहान असताना निघाला तर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण अमेरिकेत 90 टक्क्यांच्या पुढे आहे. पण तो आकडा जसाच्या तसा इथे चिकटवू नका. तिकडे बहुतेकदा उन्हाने ओठाच्या बाहेरच्या बाजूला होतो, आपल्याकडे तंबाखूने आतून. गाठ 2 सेंटिमीटरच्या आत आहे का, किती मिलिमीटर खोल गेलीय, कापलेल्या कडा स्वच्छ आहेत का आणि मुख्य म्हणजे मानेत पोचलीय का, यावर सगळं ठरतं. मानेत पोचली तर जगण्याची शक्यता जवळपास निम्मी होते. टाटामध्येच तोंडाच्या कॅन्सरवर झालेला एक अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मानेतल्या गाठी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी 80 टक्के हयात होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांत 67.5 टक्के. (तो अभ्यास ओठाचा नव्हता, जीभ-गालाचा होता, हे प्रामाणिकपणे सांगतो.)

शरद पवारांचं तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन 2004 मध्ये झालं, त्यानंतर वीस वर्षं त्यांचं राजकारण चालू राहिलं. आर. आर. आबा मात्र 16 फेब्रुवारी 2015 ला गेले. दोघांचा आजार तोंडाचाच. मग एका शब्दावरून निकाल कसा लावता राव?

खरी लढाई आता आहे. आजार उलटला तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत उलटतो, म्हणून दर एक-दोन महिन्यांनी तपासणी चुकवायची नाही. ऑपरेशनला सरकारी योजना मिळाली, पण परळच्या खेपा आणि बुडालेला रोज कोण देणार? काका परवा म्हणाले, "बरं वाटतंय रे बाळा, उगाच कशाला जायचं?" माणूस हातचा जातो तो असा! आणि तंबाखू सुटली नाही तर तोंडात दुसरीकडे नवा कॅन्सर उगवू शकतो. काकांनी सोडलीय. पण आपल्या दुसऱ्या मजल्याच्या जिन्याचा कोपरा बघा. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, तरी मसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी, अशी जोडी होस्टेलपर्यंत पोचतेच. काका तो जिना रोज चढतात.

माझं म्हणणं साधं आहे. तपासणीच्या दिवशी काकांचा पगार कापू नये, हे मेस कमिटीने रेक्टर सरांकडे लेखी मागावं. आणि आळीपाळीने एकाने सोबत जावं. पुढची तारीख मंगळवारची आहे, आमचं प्रॅक्टिकल दुपारी आहे, त्यामुळे सकाळच्या गाडीला मी जातो. त्याच्या पुढच्या वेळी कोण?